शिल्लक

शाहूपुरीत, गुळाच्या अडतीमागं जी पतसंस्था होती
तिथला टर्मिनल मी उघडला तेव्हा
जाळीत चिकट धुरळा, आणि मुंग्या.
कलावती मगदूम म्हणाल्या, हा खोका आकडे खातोय.
मॅनेजर म्हणाले, खोका नाही, बाईंचा हात.

मी उद्यमनगरचा. भाऊ बीड ओततो, मी काचा उघडतो.
त्यांना मागून दाखवलं:
ही नळी, बंद असली तरी हात लावू नका.
आणि ही चिप, करंगळीच्या पेराएवढी,
हिच्यात तुमचा सगळा पडदा.
चोवीस ओळी, ओळीत ऐंशी घरं,
घरात अक्षर नसतं, अक्षराचा नंबर असतो,
शेजारी आणखी एक: ठळक का, उलटं का, लुकलुकतं का.
चित्र कुठंच ठेवलेलं नाही.
किरण सेकंदाला पन्नासदा वरून खाली येतो,
दर घरापाशी विचारतो, इथं कोण?
सांगतील ते हिरव्यानं काढतो.
काढलेलं लगेच विझतं. म्हणून परत विचारतो.

आमच्या सासूबाई, बाई म्हणाल्या,
आणि हसल्या नाहीत.

तळाशी, चोवीस ओळींच्या खाली, एक न हलणारी ओळ होती.
तिच्यात एकच शब्द, शिल्लक.
आत हे असं नाही, मी म्हटलं.
आत आधी श, मग वेलांटी,
मग ल, पाय मोडल्याची खूण, पुन्हा ल, मग क.
काचेवर येताना वेलांटी पळत पुढं जाते.
त्यांनी बोटांवर मोजलं. सहा.
दिसायला तीनच की ओ.
आणि कोल्हापूर?
नऊ, मी म्हटलं. त्या खिडकीतून रस्त्याकडं बघत राहिल्या,
जसं काही तिथं पाच-सहा अक्षरं कमी दिसत होती.

मग त्यांनी ड्रॉवरमधून वही काढली.
लाल शाईत, तारीखवार, सात महिने:
चारचा सहा. पाचचा सात. शून्याचे दोन.
आठाच्या जागी दोन टिंबं.
दोन, तीन, सहा, सात कधीच चुकत नाहीत.
आणि दर चोवीस नोंदींनी एकदा.
पण जागा ठरलेली नाही, त्या म्हणाल्या,
चूक तळाला उगवते, ओळीबरोबर वर चढते,
वरून गळते, आणि मी बोलावायला जाते
तोवर काही नसतं दाखवायला.

मी वही मिटून टेबलावर ठेवली. माझं काम त्यांनी केलं होतं.

सौदा बघितलाय ना, मी विचारलं.
रव्यांचे ढीग जागचे हलत नाहीत,
सौदेवाले ढिगावरून ढिगावर जातात.
ओळींचंही तेच. वर सरकल्यासारखी दिसते,
खरं तर कुणीच सरकत नाही.
पहिली कुठली म्हणायची, एवढंच बदलतं.
वरची गेली की तिच्याच घरात खालची नवी लिहितात.
त्या चोविसांतल्या एका ओळीत, एका घरात
एक बिट कायमचं चालू अडकलंय.
तेवढं घर फिरत फिरत येतं.

म्हणजे माझा हात नव्हे.
नव्हे.
हे तिकडं जाऊन मोठ्यानं सांगा.

सांगितलं. मॅनेजर चहा सांगतो म्हणाले, सांगितला नाही.
चिप बदलली, साठ रुपये पावती.

परवा लक्ष्मीपुरीच्या भंगारात तोच खोका दिसला,
बाजूला माझ्याच अक्षरातली तारीख.
वायर तोडलेली, आतली चिप कुणीतरी काढून नेलेली,
आठवणीचं एक घर शाबूत नाही.
काच मी उन्हाकडं तिरकी केली.
रोज त्याच जागी तेच काढून काढून
तळाशी फॉस्फर जळाला होता,
करडा, पुसट, वेलांटी पुढं उभी.

भंगारवाला म्हणाला, काय वाचताय त्यात?
त्याला सहा अक्षरं सांगितली.